भुंग्याच्या गिटारचा खरा आकडा

मी, खाली सही करणार, गल्लीत 'गादीवाल्यांची थोरली' म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, धंदा ध्वनिमुद्रण, राहणार गादीच्या दुकानाचा वरचा मजला, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि दोन कप चहा झाल्यावर लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न आजवर बऱ्याच जणांनी करून पाहिला, त्यांची हकीकत पुढे येईलच. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. कानांचा दाखला मी मागितला नाही आणि त्यांनीही आपणहून दिला नाही.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेक जण आठवडाभरात हसत घरी येतात. "आणि 'बहुतेक'मध्ये जे बसत नाहीत ते?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कागदपत्रं तेवढी करून ठेवा." सबब हे लिखाण. (या कागदात जिथे 'सबब' किंवा 'उपरोक्त' दिसेल तिथे वकीलबाईंचा हात फिरला आहे असे समजावे. बाकी सगळे माझे.)

यापूर्वी मी एकदाच मृत्युपत्र केले होते, तेही एका कॅसेटच्या पुठ्ठ्यावर, रागाच्या भरात. त्यात सगळी मालमत्ता शेजारच्या मांजरीला दिली होती. ते मृत्युपत्र रद्द समजावे. मांजरही आता राहिलेली नाही.

कलम १. जागा

तळमजल्यावरचे दर्शनी दुकान माझ्या धाकट्या भावाचे आहेच. मागची मोठी खोली आणि वरच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. वरच्या दोन खोल्या माझ्या पश्चात भावाला द्याव्यात. मागची खोली, म्हणजे माझा स्टुडिओ, त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी.

आमचे वडील गाद्या भरायचे. मागच्या खोलीत त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र होतं. त्यात कापूस कमी घातला की ते नुसतं खडखडायचं, जास्त कोंबला की घसा बसल्यासारखं घोगरं व्हायचं, आणि बेतात घातला की असं काही गुरगुरायचं की मी दप्तर टाकून तिथेच बसून राहायची. वडिलांना वाटायचं पोरीला धंद्याची गोडी आहे. ती होतीच, पण गाद्यांची नव्हे. पुढे यंत्र विकलं गेलं. रिकाम्या खोलीच्या चारी भिंतींना मी न खपलेल्या गाद्या उभ्या करून बांधल्या, खिडकीत दोन रजया ठोकल्या आणि दारावर 'ध्वनिमुद्रण' अशी पाटी लावली. वडील पाटी वाचून म्हणाले, "म्हणजे गादीचंच काम." एका अर्थी त्यांचं बरोबर होतं.

माझ्याकडे कोण यायचं? ज्यांना कुठे थारा नव्हता ते. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाडून, दळदार करून वाजवणारी ही मंडळी. चांगल्या स्टुडिओत त्यांना दारातच सांगायचे, "तुमचं यंत्र आधी दुरुस्त करून आणा." माझ्याकडे कोणी असं म्हणत नसे. असा आवाज नीट पकडणं हे माझं काम झालं आणि त्यावर माझं आयुष्य बरं चाललं.

भावानं या प्रकरणात काय सोसलं ते इथे नोंदवणं माझं कर्तव्य आहे. त्याचं गिऱ्हाईक पुढे गादीवर आडवं होऊन बघायचं, आणि नेमकं तेव्हाच मागून गिटार सुरू व्हायची. एकदा एक गृहस्थ दचकून उठून बसले. "अहो, ही गादी थरथरते!"

भाऊ म्हणाला, "थरथरते ना? अंग मोकळं होतं. त्याचे वेगळे पैसे घेत नाही आपण."

गृहस्थांनी गादी नेली. दोन दिवसांनी परत आणली, घरी थरथरत नाही म्हणून.

चाळीस वर्षांत भावानं मला एकदाही "बंद कर" म्हटलं नाही. भावजयीनं दोनदा म्हटलं, पण दोन्ही वेळा बाळ झोपलेलं होतं. ते बाळ म्हणजेच माझी भाची. तीच आता स्टुडिओ घेते आहे. यात काय समजायचं ते भावजयीनं समजावं.

कलम २. शिल्लक

बँकेत जे काही असेल ते भाऊ आणि भाची यांच्यात निम्मेनिम्मे. आकडा ज्याला हवा त्याने पासबुक उघडून पाहावे, उघडण्यापूर्वी खुर्चीत बसायची मात्र गरज नाही.

कलम ३. अवजारे

सर्व माईक, स्टँड, वायरी, टेपची दोन्ही यंत्रे आणि मिक्सर भाचीला द्यावेत. भाची दिवसभर दवाखान्यात लोकांचे कान तपासते आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन ते बिघडवण्याच्या कामाला हातभार लावते, असं तिची आई म्हणते. तिला मी सगळं शिकवलंच आहे, तरी वारसदाराला लेखी सूचना द्यायची माझी फार दिवसांची इच्छा आहे, ती पुरी करून घेते.

एक : माईक स्पीकरच्या अगदी मधोमध रोखला तर आवाज टाचण्या टोचल्यासारखा येतो. काठाकडे नेला तर पोत्यातून बोलल्यासारखा. मध्यापासून दोन बोटं बाजूला बघ. माझी दोन बोटं, तुझी नव्हेत. तुझी बारीक आहेत, अडीच धर.

दोन : भरभक्कम गिटार ही एका गिटारची नसते. तोच तुकडा वादकाकडून दोनदा वाजवून घ्यायचा, एक डाव्या कानाला, एक उजव्या. दोन्हींत केसाएवढा फरक राहतो, त्या फरकातच भिंत उभी राहते. एकच तुकडा यंत्रावर उतरवून दोनदा लावलास तर भिंत नाही, भिंतीचं चित्र मिळेल.

तीन : गिटार जड वाटते ती खालच्या सुरांच्या बेस गिटारमुळे. हे गिटारवाल्याला कधी सांगू नये आणि बेसवाल्याला रोज सांगावं.

चार : चेपलेल्या जाळीचा जुना माईक टाकू नकोस. तो माझ्याच हातून पडला होता, आणि पडल्यापासून सुधारला. सगळ्यांचंच असं होत नाही.

कलम ४. अॅम्प्लिफायर, आणि त्यासंबंधीची खरी हकीकत

हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी ते दोन ओळींत बसवून दाखवलं होतं, मी पुन्हा उसवलं.

कोपऱ्यातला काळा, पेटीएवढा, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर भुंग्याला द्यावा. तो त्याचाच आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तो माझ्या दारात ठेवून गेला आणि परत घ्यायला आला नाही, एवढंच.

भुंगा म्हणजे माझा शाळासोबती, गिटारवादक. वर्गात बाकावर बसून नाकातल्या नाकात गुणगुणायचा म्हणून बाईंनी ठेवलेलं नाव त्याला जन्माचं चिकटलं. लोकांना वाटायचं आमचं काहीतरी आहे. नव्हतं. त्याची बायको माझी जिवाभावाची मैत्रीण होती, तिच्या शेवटच्या आजारपणात, भुंगा नि मी अजून बोलत होतो तेव्हा, मीच तिच्या उशाशी होते. हे वाक्य मृत्युपत्रात असावं की नसावं यावर वकीलबाईंचा आणि माझा अर्धा तास वाद झाला. मी जिंकले.

एकतीस वर्षांपूर्वी भुंग्याच्या चौघांच्या बँडची पहिली रेकॉर्ड माझ्या मागच्या खोलीत करायचं ठरलं. ड्रम झाले, बेस झाली, गाणं झालं. गिटारवर घोडं अडलं. भुंग्यानं गेनचं बटण (आवाज किती फाडायचा ते ठरवणारं) थेट दहावर नेऊन ठेवलं होतं, आणि दहावर त्याच्या वाजवण्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. भुंग्याचा उजवा हात असा की तारांवर तळहात टेकवून वाजवायला लागला की हातोडीचे घाव एकेक मोजून घ्यावेत. टेपवर मात्र नुसता चिखल.

मी म्हटलं, "भुंग्या, गेन खाली आण."

"खाली? अगं, आपण वादळ रेकॉर्ड करतोय, झुळूक नाही."

"वादळात झाडं वाकलेली दिसली पाहिजेत ना? तुझा नुसता धुरळा उडतोय."

"त्यांनी बटणावर दहाचा आकडा काढलाय तो काय शोभेला? दहा म्हणजे दहा."

असे तीन दिवस गेले. मी माईक फिरवला, अॅम्प्लिफायर खुर्चीवर ठेवून पाहिला, त्याच्यावर गोधडी घालून पाहिली. चिखल तो चिखलच. चौथ्या दिवशी सकाळी बाकीच्या तिघांनी मला पुढच्या दुकानात बाजूला घेतलं. ड्रमर म्हणाला, "ताई, आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर आम्ही दुसरा गिटारवाला बघतो. त्याला आम्ही सांगू, तुम्ही बोलू नका."

बँड भुंग्यानं काढलेला, गाणी भुंग्याची. आणि तो मागे बसून तारा बदलत होता.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी समोर घड्याळजींच्या दुकानात गेले. घड्याळजी म्हणजे आमच्या समोर तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, त्यांच्याबद्दल स्वतंत्र कलम आहे. मी म्हटलं, "तुमच्याकडचा सगळ्यात बारीक पेचकस द्या." त्यांनी कशाला म्हणून विचारलं, आणि मला खोटं सुचलं नाही म्हणून मी खरं सांगितलं.

गेनचं बटण दांडीवर एका चिमुकल्या स्क्रूनं धरलेलं असतं. तो सैल केला, दांडी मागे फिरवली, साडेचारपर्यंत. मग बटण पुन्हा असं बसवलं की त्याची रेघ दहावरच दिसावी. शेजारचं आवाजाचं बटण थोडं वर केलं, म्हणजे जोर कमी पडल्याचं कळू नये. पेचकस परत दिला. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

भुंगा जेवून आला, गिटार गळ्यात घातली, पहिला फटका मारला आणि थांबला. त्यानं दुसरा फटका मारला. मग तळहात टेकवून सगळा तुकडा वाजवला, एकेक घाव सुटा, आणि तरी खोलीभर काळा, जाड, गुरगुरणारा आवाज. गाद्यांच्या आतला कापूस हलला असेल. आणि भुंगा हसायला लागला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, इतका हसलेला कधी पाहिला नव्हता.

"बघ! बघ थोरले! दहावरच आलं की नाही? धीर धरायला हवा होता, एवढंच!"

बाकीचे तिघे दारात उभे होते. ड्रमर माझ्याकडे बघून हळूच "राहू दे याला" अशी मान हलवून गेला. संध्याकाळपर्यंत डावी-उजवी दोन्ही गिटार झाली. आणि जाताना भुंग्यानं काय केलं? त्या बटणावर स्वतःच्या हातानं आडवी चिकटपट्टी मारली. "आता हे कोणी खाली आणायचं नाही," म्हणाला. मी मान डोलावली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रेकॉर्ड चालली, आणि चालली ती त्या गिटारच्या आवाजावर. भुंगा जिथे जाईल तिथे सांगायचा, "काही गुपित नाही. सगळं दहावर." तरुण पोरं-पोरी घरी जाऊन सगळं दहावर करायची, चिखलात रुतायची आणि मग माझा पत्ता शोधत यायची. बारा वर्षं माझी मागची खोली रिकामी पडली नाही ती अशी. भुंग्याच्या खोट्या आकड्यावर मी खरी भाकरी खाल्ली. हे मी कबूल करते.

बारा वर्षांनी चिकटपट्टी वाळून गळाली, बटण डुगडुगायला लागलं. बारीक स्क्रू, म्हणून भुंगा अॅम्प्लिफायर उचलून घड्याळजींकडेच गेला. घड्याळजींनी बटण पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर ताईंनी माझ्याच पेचकसानं बसवलेलं. आता सरळ बसवू, की होतं तसंच?"

भुंगा रस्ता ओलांडून आला. अॅम्प्लिफायर दारात ठेवला.

"किती होतं?"

"साडेचार."

तो गादीवर टेकला. मग म्हणाला, "बारा वर्षं मी जगाला दहा सांगतोय."

"मी त्याच संध्याकाळी सांगणार होते."

"मग?"

"तू हसलास."

त्या तिघांनी त्याला काढायचं ठरवलं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. पण एका दिवशी एकच घाव पुरे, असं वाटलं. तो उठला. "हा तुझ्याकडेच ठेव," अॅम्प्लिफायरकडे बघून म्हणाला. "माझा आवाज नव्हताच तो." आणि गेला. त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही बोललो नाही. पलीकडच्या रस्त्याला राहत होता, बाजारात समोरून आला की भाजी निरखायचा. बँड मोडला. त्यानं सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर गिटारची शिकवणी काढली.

कलम ५. घड्याळजी

घड्याळजींनी माझ्याविरुद्ध निरनिराळ्या कार्यालयांत एकूण चौदा लेखी तक्रारी केल्या. कारण एकच : माझी गिटार सुरू झाली की त्यांच्या टेबलावरचे स्क्रू चालायला लागतात. तक्रारींचं अक्षर इतकं सुंदर की त्यातल्या दोन मी चौकट करून लावल्या आहेत. त्या चौकटी त्यांना परत द्याव्यात असं मी लिहिलं होतं, पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकीलबाई म्हणतात. उपरोक्त चौकटी सबब भाचीला. माफी ही मालमत्ता नाही, हे मी वकीलबाईंकडून तपासून घेतलं आहे. सबब घड्याळजींना माफी, चौदा वेळा.

त्यांनी भुंग्याला खरं सांगितलं याचा राग मी वर्षभर धरला होता. मग सोडला. त्या माणसाला चुकीची वेळ सांगायची सवयच नाही.

कलम ६. जुनी गाऱ्हाणी

आकाशवाणीत साहेब असलेल्या एका गृहस्थांनी मी तिशीत असताना मला नोकरी नाकारली. "बाईच्या कानाला असला गोंगाट सोसायचा नाही," म्हणाले. ते हयात असतील तर त्यांना उत्तम प्रतीच्या कापसाचे दोन बोळे पाठवावेत. कापूस भाऊ देईल.

कलम ७. गेल्या महिन्यात झालेले

झडपेचं कळलं त्या आठवड्यात मी भुंग्याकडे गेले. दुपारची वेळ. सायकलच्या दुकानातून वर एक लाकडी जिना जातो, त्याच्या निम्म्यावर मला दम लागला म्हणून मी पायरीवर बसले. वरून गिटारचा आवाज येत होता, कोणीतरी नवखं. आणि भुंग्याचा आवाज.

"बाई, बस चालवता ना तुम्ही? मग चढावर एकदम शेवटचा गिअर टाकता का? नाही ना? गेन चारवर आणा. फार हौस आली तर साडेचार. त्याच्या वर तुमचा हात ऐकू येत नाही, नुसतं यंत्र ऐकू येतं."

मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी नुसता श्वास घेत बसले. तोच तो दाराशी आला.

"कोण बसलंय? ... थोरले?"

"हो."

"पायरीवर काय? वर ये."

"दम लागलाय."

"एकोणीस वर्षांनी आलीस आणि तीही अर्धीच."

तो खाली आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. केस पार पांढरे. आत बसवाल्या बाई तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होत्या. मी झडपेचं सांगितलं. मग विचारलं, "अजून रागावलायस?"

"आहे ना. आता सवय झालीय."

म्हटलं, झडप बदलायच्या आत बोलायचं ते बोलून घ्यावं. "भुंग्या, त्या दिवशी ते तिघं तुला काढणार होते. संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती मला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी ड्रमर बोलून गेला." तो जिन्याच्या कठड्यावरची साल नखानं काढत होता. "तुला वाटतं मी आकड्यासाठी रुसलो? अगं, मला वाटायचं, त्या दिवशी मला काढायला निघाले होते आणि मी माझ्या हिमतीवर, माझ्या दहावर टिकलो. बारा वर्षं त्याच एका दुपारवर छाती काढून फिरलो मी. आणि कळलं, ती दुपार तुझी होती."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. एकोणीस वर्षं मी आकड्याची माफी जुळवत बसले होते.

मी म्हटलं, "बटण मी फिरवलं. पण हात तुझा होता, भुंग्या. दहावर तो झाकला जात होता, मी फक्त त्याच्यावरची माती झटकली. दुसऱ्या कोणाचा हात असता तर साडेचारवर त्याचं पितळ उघडं पडलं असतं."

वर बसवाल्या बाईंचा तुकडा एकदाचा नीट आला आणि त्या एकट्याच "आलं!" म्हणून ओरडल्या. आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं मला हाताला धरून उरलेल्या पायऱ्या चढवलं.

पुढच्या आठवड्यात तो मागच्या खोलीत आला. एकच तुकडा केला, चार मिनिटांचा. माझ्या कानांना आता वरचे सूर पोचत नाहीत, म्हणून माईक भाचीनं हलवला, ऐकलं भुंग्यानं, आणि मी गादीवर बसून हातानं 'डावीकडे, अजून, बास' एवढंच केलं. सुरू करायच्या आधी त्यानं विचारलं, "कितीवर ठेवू?"

"तुझ्या मनानं ठेव."

त्यानं पाचवर ठेवलं. बटण आता सरळ बसवलेलं होतं, म्हणजे खरे पाच. अर्धा जास्त होता. मी जीभ चावून गप्प बसले. वाजवून झाल्यावर कळलं, अर्धा हवाच होता.

सबब : जुन्या रेकॉर्डच्या मूळ टेप आणि हा नवा तुकडा भुंगा व भाची यांच्या सामाईक मालकीचा राहील. जुनी रेकॉर्ड पुन्हा कधी निघाली तर वेष्टनावर 'गिटारचा आवाज' या शब्दांपुढे त्याचं आणि माझं, दोघांचीही नावं एका ओळीत, सारख्या अक्षरांत छापावीत. गेनचा खरा आकडा छापायचा की नाही, ते त्यानं ठरवावं.

कलम ८. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. कोणी हरकत घेतल्यास तिने त्यांना मागच्या खोलीत बसवून, दार लावून, शांतपणे ऐकून घ्यावे. ऐकून घेताना काय वाजवायचे ते तिला माहीत आहे.

मला निरोप देताना भाषणे करू नयेत. माझ्याविषयी चांगले बोलणाऱ्यांना मोठ्याने बोलावे लागेल, आणि मोठ्याने बोलताना माणसे खोटे बोलतात.

येथपर्यंतचा मजकूर वकीलबाईंनी आज दुपारी दुकानात सर्वांसमक्ष वाचून दाखवला. भाऊ गादीवर मांडी घालून ऐकत होता. भावजय डोळे पुसत होती आणि कापसाची धूळ गेली असं सांगत होती. भुंगा दाराला टेकून उभा होता. वाचून झालं. मग भाऊ म्हणाला, "ताई, एवढं सगळं लिहिलंस. सोमवारी किती वाजता निघायचं ते नाही लिहिलंस."

मी म्हटलं, "आठला पोचायचंय."

"मग सातला गाडी सांगतो. मी पुढे बसेन."

भाची म्हणाली, "आत्याच्या शेजारी मी." भावजय म्हणाली, बॅग तिच्या मांडीवर राहील. भुंगा म्हणाला, "मग मी दुसऱ्या बाजूला. आत दम लागला तर जिना चढवायला कोणी हवं." तिथे लिफ्ट आहे, असं साक्षीसाठी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून पाहिलं. एका रुग्णाबरोबर एकच जण आत येऊ शकतो, असंही सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. बसवाल्या बाईंना विचारायचं का, अशी भुंग्याची सूचना आहे, म्हणजे सगळेच मावतील.

हा मजकूर मृत्युपत्रात घालायची काही गरज नाही, असे वकीलबाईंचे मत आहे. राहू दे. मला कोण कोण सोडायला येणार आहे, ते माझ्या सहीच्या वर असावं.

मृत्युपत्र करणार : (सही) थोरली

साक्षीदार : आम्ही दोघांनी उपरोक्त बाईंना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले. त्या शुद्धीवर होत्या आणि भावाशी खिडकीकडच्या जागेवरून भांडत होत्या.

१. (सही) समोरचे घड्याळजी
२. (सही) डॉक्टरीणबाई

ठिकाण : गादीचे दुकान, दर्शनी भाग
दिनांक : चौदा मार्च, शनिवार, दुपारी चार वाजून सहा मिनिटे (वेळ घड्याळजींनी सांगितल्याप्रमाणे)